झाकलेली पालखी

कोंडाजीकाका माझे सख्खे चुलते. त्यांच्या मांडीवर बसून मी पहिला भात खाल्ला, असं आई सांगायची. तरीही त्यांचं नाव निघालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती विझावी असं मला वाटतही नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणून गप्प बसणारी माणसं वेगळी. मी सांगणार.

गोष्ट सिनेमाच्या पैशांपासून सुरू होते. मी तेव्हा मुंबईत फिल्म धुण्याच्या एका लॅबोरेटरीत कामाला होतो. महाडच्या शाळेतून मॅट्रिक झालो, एस.टी.त बसलो नि मुंबईला येऊन दुसऱ्यांच्या फिल्मा अंधारात धुवत बसलो. स्वतःचा सिनेमा करायची खाज होती. पण सिनेमा करायचा तर निर्माता हवा, निर्मात्याला नटी हवी आणि नटीला गाणी हवीत. माझ्याजवळ होतं काय? एक गाव, गावाच्या डोक्यावरची एक वाडी, आणि भाड्यानं मिळणारा चावीचा छोटा कॅमेरा.

अशात कळलं की युरोपातली एक संस्था नव्या माणसांना सिनेमासाठी पैसे देते. कर्ज नव्हे, अनुदान. जगात कुठलाही असो, पहिलाच सिनेमा करणारा हवा आणि कुणाच्या दावणीला बांधलेला नको. मी लिहून पाठवलं आणि त्यांनी चक्क हो म्हटलं. त्या वर्षी चौघांना मिळालं. सिलोनचा एक, घानाचा एक, बोलिव्हियाची एक बाई, आणि पोलादपूर तालुक्यातला मी. अर्धे पैसे आधी आणि अर्धे कच्चा सिनेमा बघितल्यावर. त्या उरलेल्या अर्ध्यांत आवाज भरायचा, संगीत घ्यायचं आणि शेवटची प्रत काढायची. अट मात्र ठसठशीत होती. जे दाखवाल ते खरं घडलेलं हवं. सिनेमासाठी मांडलेलं, घडवून आणलेलं चालणार नाही.

ती अट मला फार आवडली होती. हसू नका.

मी कशावर सिनेमा करणार होतो ते सांगतो. आमचं गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. गावदेवी जननी. शिमग्यात देवीचा चांदीचा मुखवटा पालखीत बसतो आणि पालखी घरोघर जाते. पालखी अंगणात आली की घरची बाई देवीची ओटी भरते आणि वर्षाचा नवस फेडते. पण घरोघर म्हणजे फक्त गावातल्या घरी. डोंगराच्या माथ्यावर गवळी-धनगरांची वाडी आहे. त्यांच्या म्हशींचं तूप गावाला चालतं, देवीच्या दिव्यालाही चालतं. पालखी मात्र शिवेवरच्या ओढ्यापाशी येते आणि मागं फिरते. वाडीच्या बायका ओढ्याच्या पलीकडं हात जोडून उभ्या राहतात. कुणाच्या आजोबानं हे ठरवलं ते कुणाला ठाऊक नाही, आणि विचारलं तर सगळ्यांनाच एकदम ऐकू येईनासं होतं.

त्या बायकांत बायजा होती. उंच, काटक, आवाज असा की एका हाकेत सगळ्या म्हशी ओळीनं घरी. तिचा नाथू रांगता असताना त्याला पान लागलं. रानात साप म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पोर निळं पडलं तेव्हा बायजानं खाली गावाकडं तोंड करून नवस बोलला होता, 'जननीआई, पोर दे. तू माज्या दारात येशील तोवर मी दूध तोंडाला लावायची नाय.' नाथू जगला. पालखी दारात येणार नाही हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण बोलून गेली. तेव्हापासून जिच्या गोठ्यात दुधाच्या चरव्या भरत होत्या त्या बाईनं दूध नाही, दही नाही, ताकाचा थेंबसुद्धा घेतला नाही. नाथूला मिसरूड फुटलं तरी नाही.

पालखी वाडीवर न्यावी म्हणून मी गावकीपुढं पहिल्यांदा बोललो होतो, त्याला बरीच वर्षं झाली होती. गावकी म्हणजे घरटी एका पुरुषाची बैठक. बोलायचा हक्क सगळ्यांना आणि ऐकलं जायचं काकांचं. काका दरवेळी पानाची पिंक टाकून म्हणायचे, "पुढच्या साली बघू." त्या वर्षी अनुदानाचं कळल्यावर मी पुन्हा विषय काढला, तर काका ताठ बसले.

"सिनेमा काढनार म्हनतोस? आमचा समद्यांचा?"

"हो. पण पालखी वर गेली तरच."

"आनि पैका परदेशातून येनार?"

"आलाय अर्धा."

काकांनी दत्ताराम गुरवाकडं पाहिलं. दत्ताराम देवीचा पुजारी. काका खाकरले तरी तो हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावला. आमच्याकडं देवीच्या मुखवट्याला फुलं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजव्या बाजूचं फूल आधी पडलं तर देवी हो म्हणाली. मी तेव्हा फिल्म आणायला महाडला गेलो होतो. संध्याकाळी काकांनी सांगितलं, "उजवा दिला देवीनं. जातेय पालखी वर." आणि लगेच, "देवळाचं छप्पर गळतंय रे म्हैपती. देवीचं येवढं करतोस तर पत्र्यांचं बी बघ."

मी पत्र्यांचे पैसे दिले. देवी आपल्या पोरीबाळींकडं निघाली, तिच्या डोक्यावर छप्पर नको? मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला तर त्या दिवशी काकांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलोही. ते आठवलं की आता माझंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

पालखी निघाली त्या सकाळी एक गोष्ट निराळी होती. पालखीवर चारी बाजूंनी लाल कापड सोडलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"शिवेबाहेर देवीचं तोंड झाकूनच न्यायचं," काका म्हणाले. "चाल हाय तशी जुनी."

पालखी आजवर शिवेबाहेर गेलीच नव्हती, मग जुनी चाल आली कुठून? हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मला नाही पडला. आमच्या गावात एखाद्या गोष्टीला जुनी म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, आणि मी कितीही मुंबईची फिल्म धुतलेली असली तरी त्याच गावचा होतो.

ढोल-सनई वाजत पालखीनं ओढा ओलांडला. वाडीच्या म्हाताऱ्या माणसांनी जागच्या जागी लोटांगण घातलं. वाडीची माणसं तयारीसाठी घाईनं पुढं वर गेली. चढण अवघड, वर वारा मोकाट. मी पुढं पळत होतो, कॅमेरा धोंड्यावर टेकवत होतो, चावी देत होतो आणि परत पळत होतो. एका वळणावर वारा आला आणि कॅमेऱ्याच्या बारक्या भोकातून मला लाल कापड फडफडलेलं दिसलं, एवढंच. माझं सगळं ध्यान पुढं बायजाच्या अंगणाकडं होतं.

अंगण शेणानं सारवलेलं. दारात रांगोळी नव्हती, भाताच्या तुसाची नक्षी होती. पालखी टेकली. बायजानं ओटी भरली. दत्तारामानं कापडाच्या फटीतून हात घालून ती आत ठेवली. बायजानं पालखीच्या दांड्याला डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग नाथूनं आईच्या हातात दुधाची वाटी दिली.

ती आधी नुसती वास घेत राहिली. मग एक घोट घेतला आणि डोळे मिटले. तोंडात दूध तसंच धरून ती उभी होती, गिळावं की नाही असा प्रश्न पडल्यासारखी. गिळलं. मग उरलेलं सगळं एका दमात प्याली, आणि वरच्या ओठावर पांढरी मिशी घेऊन लहान पोरीसारखी हसली. वाडीच्या बायका रडत होत्या. मीही रडत होतो. कॅमेरा तेवढा काम करत होता.

मुंबईला येऊन फिल्म धुतली आणि जोडायला बसलो. ते वळण आलं. वाऱ्यानं कापड उडालं, पालखीच्या दांड्याच्या टोकाला अडकलं आणि तिथंच राहिलं. आत मुखवटा नव्हता. तांब्याच्या कलशावर नारळ होता. नुसता शेंडीचा नारळ. दत्तारामाचा हात घाईघाईनं येतो, कापड सोडवतो, ओढून घेतो. आणि त्याच्या मागं कोंडाजीकाका सरळ माझ्याकडं, म्हणजे कॅमेऱ्याकडं, बघताहेत. मला दिसलं की नाही ते ताडताहेत.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. मग दिवा बंद केला आणि पहिली एस.टी. पकडली.

काका ओटीवर चारचौघांत बसले होते. मी चपला न काढता वर गेलो, हेच त्यांना आधी खुपलं.

"पालखीत नारळ होता," मी म्हणालो.

"व्हता," काका म्हणाले. चेहऱ्यावर लाज नाही, काही नाही.

"देवी कुठं होती?"

"देवळात. तिची जागा तिथंच हाय."

"तुम्ही म्हणालात, देवीनं उजवा कौल दिला!"

"तुला वायट वाटू नये म्हनून बोललो. देवीनं डावा दिला व्हता. देवी नाय म्हनाली, मग तिला कशी न्यायची? तू पालखी मागितलीस, आमी पालखी नेली. शब्दाला जागलो."

"आणि बायजा? तिचा नवस?"

काका माझ्याकडं असं बघायला लागले, जसा काही मी दोन यत्ता नापास झालोय. "म्हैपती, तू पालखी मागितलीस कशाला? सिनेमाला. सिनेमात काय खरं असतं रे? मारामारी खोटी, लगीन खोटं, मेलेला मानूस पडदा पडला की उठून च्या पितो. समदं खोटं चालतं, मग देवी तेवढी खरी कशाला पायजे?"

ओटीवरची माणसं हसली. चोर तो चोर वर शिरजोर! पण खरं सांगतो, मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा, की काका खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. सिनेमासाठी बोलावलेली देवी नारळाचीच असायची. गावकीनं आपल्या परीनं मला मदत केली होती.

"मी खरा सिनेमा करतोय," मी म्हणालो. माझाच आवाज मला केविलवाणा वाटला.

"कर ना. बायजा दूध प्याली, तिचं समाधान झालं. देवळावर पत्रे चढले, देवीचं झालं. तुज्या साहेबाला सिनेमा मिळाला. कोनाचं काय गेलं, सांग की." मग त्यांनी आवाज उतरवला. "आनि येवढा पुळका आला असंल तर जा वर. सांग बायजाला, तुजा नवस फुकट गेला म्हनून. तुज्या तोंडानं सांग."

मी वर गेलो नाही. ओढ्यापर्यंत गेलो आणि परतलो. एका बाईनं इतक्या वर्षांनी घेतलेला घोट तिच्या घशातून परत काढायचा, हे मला झेपणारं नव्हतं.

महिन्याभरानं संस्थेचा माणूस मुंबईला आला. व्हर्नर त्याचं नाव. सभ्य, मृदू, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. लॅबोरेटरीच्या छोट्या खोलीत मी त्याला कच्चा सिनेमा दाखवला. आवाज नव्हता, नुसती चित्रं. बायजा दूध प्यायली तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, आणि त्यामुळं पुढचं जास्त जड गेलं.

नारळाचा तुकडा मी कापला नव्हता. चढणीत तो जिथं घडला तिथंच ठेवला होता.

"कापड उडालं तेव्हा आत काय होतं?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे ही घटना मांडलेली होती," तो म्हणाला.

"गावकीनं मांडली. मला न सांगता. त्या बाईला न सांगता."

"आमच्या नियमात हे बसत नाही. घटना खरी हवी." त्यानं माझ्याकडं न बघता पुढचं वाक्य उच्चारलं, "पण तो तुकडा सिनेमात नसेल, तर मी काही पाहिलं नाही. त्याशिवायचा सिनेमा संपूर्ण खरा आहे. आणि फार सुंदर आहे. जगभर दाखवू आपण तो."

तुम्ही हे नीट ऐका, कारण मलाही ते समजायला थोडा वेळ लागला. नारळ दाखवला तर माझा सिनेमा खोटा. नारळ लपवला तर माझा सिनेमा खरा. काकांनी ओटीवर बसून पान चघळत जे सांगितलं, तेच हा माणूस इस्त्रीच्या शर्टात, इंग्रजीतून, डोळे पुसून सांगत होता. मी टेबलावर मूठ आपटली. त्याच्या कॉफीचा पेला हिंदकळला. त्यानं शांतपणे रुमाल काढला आणि म्हणाला, "आठवड्यात कळवा." सिलोनच्या, घानाच्या, बोलिव्हियाच्या त्या तिघांनाही कुणीतरी असंच काहीतरी कापायला सांगितलं असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि न पाहिलेल्या त्या तिघांसाठीही मी चडफडलो.

यावेळी मी ओढा ओलांडला.

बायजा गोठ्यापुढं बसून ताक घुसळत होती. मला बघून उठली, पेला भरून ताक दिलं, स्वतःलाही घेतलं. अंगावर तेज आलं होतं तिच्या. "बस रे बाबा. कुटं व्हतास? तुज्यामुळं आई दारात आली, नि तूच दारात येत नायस."

"बायजामावशी," मी म्हणालो, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मी संपवलं तेव्हा पेला तिच्या हातात तसाच होता.

"मंग मी प्याले ते कोनापुढं?"

मी हातातला पेला खाली ठेवला.

"नारळापुढं," तीच म्हणाली. "आनि डोस्कं टेकलं ते बी नारळापुढं." तिनं पेला शेणाच्या ढिगावर उलटा केला. मग ताकाची घागर उचलली आणि तीही. नाथू आतून धावत आला. तिनं त्याला हातानंच थांबवलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"कोनाकोनाला ठावं हाय?"

"गावकीला. सगळ्या."

"वाडीत?"

"कुणाला नाही."

"म्हंजी तवापासून आमी वाटेत दिसलो की ते हसत असतील." ती स्वतःशीच बोलत होती. "मी परवाच्याला कोंडाजी पाटलाच्या घरी लोनी पोचवलं. दारात उभी ऱ्हाऊन त्येला आशीर्वाद दिला रे. तुज्या पोराबाळांचं कल्यान होईल म्हनले. त्येनं हात जोडून घेतला तो."

हे मला ठाऊक नव्हतं. मी उठून अंगणात फेऱ्या मारायला लागलो.

मग मी तिला साहेबाचं सांगितलं. तो तुकडा काढला तर उरलेले पैसे मिळतील, सिनेमाला आवाज येईल, तो दूरदूरच्या देशांत जाईल, आणि तिचं दूध पिणं सगळं जग बघेल. ठेवला तर पैसे बुडाले.

"तू काय करनार?" तिनं विचारलं.

"तू सांगशील ते. नवस तुझा आहे."

"ठेव," ती म्हणाली. "नारळ बी ठेव, नि दूध बी ठेव. एकामागं एक. तुजं पैकं गेलं तर जाऊ देत."

इतक्या सहज म्हणाली की मला तिचाही राग आला. माझी कितीतरी वर्षं त्या पैशांवर टांगलेली होती. पण तिच्याकडं बघितलं आणि तो राग गिळला. तिच्या वर्षांपुढं माझी वर्षं कुठं लागत होती?

"नि एक," ती म्हणाली. "जगाला मागनं दाखव. आदी गावकीला दाखव. समदी बसली पायजे. आनि मी तिथं असनार."

मी पोलादपूरहून व्हर्नरला तार केली, तुकडा राहील म्हणून. मुंबईच्या पत्त्यावर त्याचं उत्तर आलं. फार सभ्य उत्तर होतं. खेद वाटतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छा घालू चुलीत!

महाडच्या एका शाळेत सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर होता. तिथला मास्तर माझा वर्गमित्र. बाजाराच्या दिवशी दुपारी शाळेचं सभागृह मिळालं. मी काकांना बोलावणं करायला गेलो तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले.

"तो नारळ?"

"या, बघा."

"कापला असशील," ते पाठीवर थाप मारून हसले. "नारळ दाखवून हातातला पैका कोन सोडतो?"

गावकी नटूनथटून आली. कोट, फेटे, कुणी तर अत्तर लावलेलं. आपण सिनेमात आहोत म्हणजे काय साधी गोष्ट! बाकांवर गावकी बसली, पुढं मधोमध काका, शेजारी दत्ताराम गुरव. वाडीची माणसं मागं, जमिनीवर. खिडक्यांवर वाडीवाल्यांच्याच घोंगड्या टांगून अंधार केला. बायजा मात्र मागं गेली नाही. पांढऱ्या भिंतीच्या कडेला, दाराशी, भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली. तिथून तिला सिनेमा नीट दिसणार नव्हता. माणसं दिसणार होती.

मी प्रोजेक्टर सुरू केला. यंत्राच्या घरघरीशिवाय सिनेमाला आवाज नव्हता. भिंतीवर गाव आलं आणि बाकांवर एकच गलका झाला. हा बघ मी, तो बघ भागोजी, अरे आपली म्हस! काका रेलून बसले होते. पालखी ओढा ओलांडते तेव्हा मागं वाडीच्या माणसांनी खरोखरच हात जोडले. चढण आली. वळण आलं. वारा आला.

कापड उडालं आणि दांड्याला अडकलं.

नारळ एवढा मोठा दिसेल असं मलाही वाटलं नव्हतं. अर्धी भिंत नारळाची होती. दत्तारामाचा हात आला, चाचपडला, कापड ओढलं. आणि मग काकांचा चेहरा, आमच्या सगळ्यांकडं बघणारा.

बाकांवरचा गलका थांबला. मागून, जमिनीवरून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "मुखवटा कुटं हाय गो? आई कुटं हाय?" मग मागं एकदम सगळेच बोलायला लागले.

काका उठले. "बंद कर रे ते!" ते माझ्यावर ओरडले. "बंद कर आदी! म्हैपत्या, तुज्या बापाच्या जागी हाय मी!" त्यांच्याबरोबर आणखी पाच-सहा जण उठले. एकाचा हात माझ्या प्रोजेक्टरच्या वायरीकडं गेला. मी त्याचं मनगट धरलं; खरं तर मी त्याला मारणार होतो.

"बसा, पाटील."

आवाज मोठा नव्हता. पण ज्या आवाजानं म्हशी ओळीनं घरी येतात, तो होता. बायजा दारासमोर येऊन उभी राहिली होती. बाहेर जायचं तर तिच्या अंगावरून जावं लागलं असतं. तिच्यामागं नाथू आणि वाडीचे चार गडी येऊन उभे राहिले. हात कुणीच उगारला नाही.

"बसा," ती पुन्हा म्हणाली. "माजं दूध पिऊन व्हायचंय अजून."

काका उभेच होते. मागं वळून त्यांनी गावकीकडं बघितलं, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. एकेक करून उठलेले बसले, आणि शेवटी काकाही बाकाच्या कडेला टेकले.

भिंतीवर बायजानं पालखीच्या दांड्याला डोकं टेकलं होतं. ते उचलायला तिला फार वेळ लागला. नाथूनं वाटी दिली. तिनं वास घेतला. पहिला घोट तोंडात धरून ती डोळे मिटून उभी राहिली, आणि सभागृहात खरी बायजा डोळे उघडे ठेवून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. भिंतीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

दत्ताराम गुरवानं मान खाली घातली.

"वर बघा, गुरव," बायजा म्हणाली.